वाइड धरून किती?

जून महिन्याचा पहिला सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. आकडा एक हजार चारशे चाळीस. हजर: मणक्याच्या डॉक्टर, माझी मुलगी शमिका, तिची आई आणि मी. ठिकाण गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळातली तपासणीची खोली.

हा आकडा रुपयांचा नाही. शमिकाने घरी असताना दहा आठवड्यांत टाकलेल्या चेंडूंचा आहे. तो माझ्या हस्ताक्षरात रोजच्या रोज लिहिलेला होता, खाली माझी सही होती आणि तो चुकीचा होता.

डॉक्टरांनी एमआरआय पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकाने कंबरेतल्या दोन जागा दाखवल्या. "हे स्ट्रेस फ्रॅक्चर वाटतंय," त्या म्हणाल्या. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून, आपटून झालेलं फ्रॅक्चर नव्हे. एकच ताण हजारदा बसून हाडाला बारीक चीर जाते, ते. मणक्याच्या मागच्या अंगाला हाडाचा एक लहानसा पूल असतो, त्याला पार्स म्हणतात. मध्यमगती किंवा वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना एकाच क्षणी मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि वळतो. पुढचा पाय आपटतो तेव्हा तो सगळा भार या पुलावर येतो.

"रोज किती चेंडू टाकत होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

शमिका म्हणाली, "बरेच."

मी पिशवीतून रजिस्टर काढलं. "छत्तीस, डॉक्टर. आठवड्यातून चार दिवस. दहा आठवडे."

शमिका माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "बाबा, जास्त होते."

"लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पानं चाळली. तारीख, वेळ, चेंडू, सही. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, "एवढ्या चेंडूंनी हाड असं जात नाही. तेही दोन्ही बाजूंना. मग दुसरं कारण शोधावं लागेल."

ज्यांच्या घरात खेळणारं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढच्या सात दिवसांत जे झालं ते या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य माझ्या रजिस्टरामुळे.

मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. वय चोपन्न. बावीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांत गुणलेखक म्हणून बसलो, स्कोअरर. माझ्या वहीत कधी एका धावेचा फरक निघाला नाही, हे मी लोकांना न विचारता सांगत असे.

शमिका लहानपणी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत रबरी चेंडूने खेळायची. ओल्या वाळूत चेंडू उसळत नाही, म्हणून ती हात उंच नेऊन जोरात आपटायला शिकली. तेराव्या वर्षी तिला लेदर चेंडूसाठी सावंतवाडीला न्यायला लागलो. शनिवार-रविवार, पहाटेची एसटी, परत येईपर्यंत संध्याकाळ. ती फलंदाजी करायची आणि गोलंदाजीही. तिथले सर म्हणाले होते, दोन्ही ठेवा, दोन्ही येणारी मुलगी मागे पडत नाही. ते खरं ठरलं. विभाग, राज्य, मग एकविसाव्या वर्षी भारताची टोपी. चौदा एकदिवसीय सामने, एकवीस ट्वेंटी-ट्वेंटी. सहाव्या क्रमांकावर फलंदाजी आणि डावाच्या शेवटी गोलंदाजी. वर्तमानपत्रं तिला अष्टपैलू म्हणत. तो शब्द मी कात्रणावर लाल शाईने अधोरेखित करायचो.

या सगळ्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती चौदा वर्षांची असताना वेंगुर्ल्याला एक सामना होता. शेवटच्या षटकात समोरच्यांना नऊ धावा हव्या होत्या. शमिकाने सात वाइड, म्हणजे फलंदाजाच्या आवाक्याबाहेरचे चेंडू, टाकले आणि सामना गेला. ते सातही वाइड मीच लिहिले, कारण गुणलेखक मी होतो.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काजूच्या झाडांजवळ, चटईच्या खेळपट्टीवर दोन सुंभाच्या दोऱ्या ताणल्या. दोन्ही दोऱ्यांत एका बॅटच्या रुंदीचं अंतर. दोरीबाहेर पडेल तो वाइड. प्रत्येक वाइडला एक रुपया दंड, तिच्या खाऊच्या पैशांतून, खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात. आणि सराव संपायचा तो चांगल्या चेंडूवरच. खराब पडला की मी म्हणायचो, "अजून एक. शेवटचो बरो पडूक होयो."

ती हसायची. म्हणायची, "बाबा, तुमी पंच नाय, तलाठी आसास."

दंड पुढे खेळासारखाच झाला. ती भारताकडून खेळायला लागली तरी सुट्टीत घरी आली की आधीची नाणी देवळाच्या पेटीत टाकायची, वाण्याकडून नवी सुटी करून आणायची आणि डबा रिकाम्यापासून सुरू करायची. एका वर्तमानपत्राने त्या डब्याचा फोटो छापला होता. फोटोत डबा माझ्या हातात आहे.

यंदा मार्चच्या अखेरीस ती आली. संघाने तिला यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, पक्का करायला सांगितला होता, तोही ऑफस्टंपच्या बाहेरच्या रेषेत. जुलैत परदेश दौरा होता. संघाच्या बंगळूरच्या फिजिओंनी मर्यादा घालून दिली: दिवसाला छत्तीस चेंडू, आठवड्यातून चार दिवस. रोजचा आकडा फोनवरच्या ॲपमध्ये भरायचा. शमिका अशा बाबतीत आळशी. ते काम मी घेतलं. छत्तीस झाले की थांबायचं, याबाबत मी फार कडक होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, कंबर दुखता."

"दोन दिवस टाकूक नाय म्हणान दुखता. टाक गो."

मेमध्ये ती बूट घालताना खाली बसायला लागली. आईने शेक दिला. मी छत्तीस लिहीत होतो आणि माझ्या मते छत्तीस म्हणजे सुरक्षित होतं. मेच्या अखेरीस एका सकाळी चेंडू सोडल्यावर ती पुढे गेलीच नाही, तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. फिजिओ फोनवर म्हणाले, जवळ जिथे एमआरआय होईल तिथे करा आणि तिथल्याच मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून गोवा.

आता त्या सात दिवसांचं.

मंगळवारी तिला दाखल करून घेतलं. रक्त घेतलं. ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे दाह आहे का हे सांगणारी तपासणी, थोडी वाढलेली आली. बुधवारी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडाची घनता मोजणं. ती ठीक निघाली. मला त्या निकालाने समाधान वाटायला हवं होतं. डॉक्टरांच्या कपाळावर मात्र आठी आली. कारण सापडलं नाही की शोध वाढतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

बुधवारीच दुपारी आहारतज्ज्ञ आल्या. डॉक्टरांनी 'रेड-एस' असा शब्द वापरला होता. खेळाडू जेवढी शक्ती खर्च करतो तेवढं खात नाही, तेव्हा मुलींची पाळी बिघडते आणि हाडं कमजोर होतात, असा त्याचा अर्थ. बाईंनी विचारलं, सकाळी काय खातेस, जेवण टाळतेस का, जेवल्यावर उलटी काढतेस का, वजनाची भीती वाटते का. प्रश्न त्यांनी चांगल्या शब्दांतच विचारले. पण शमिकाच्या प्रत्येक उत्तरानंतर त्या क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्याचा अर्थ आम्हाला कळत होता.

त्या गेल्यावर शमिका म्हणाली, "मी जेवतंय, ता तुमी तरी सांगा त्यांका."

तिची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "माज्या चेडवाक मी उपाशी ठेवलंय असा वाटता त्यांका." आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात.

मी आहारतज्ज्ञांच्या मागे गेलो नाही. मला खरंच वाटत होतं की शमिका काहीतरी लपवत असेल. रजिस्टर बरोबर असेल तर मुलगी चुकीची, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

गुरुवारी मी जुने रिपोर्ट आणायला घरी आलो. कपाटावरच्या फायली काढताना तेलाचा डबा मध्ये आला. तो सरकवायला एक हात लावला आणि हलला नाही. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

मी तो जमिनीवर ओतला. दहा-दहाच्या चवडी लावल्या. एक हजार तीनशे बारा नाणी.

गुणलेखनाचा नियम असा आहे की वाइडची धाव धरतात, चेंडू धरत नाहीत. नो बॉलचंही तसंच. षटकाचे सहा चेंडू म्हणजे सहा चांगले चेंडू. बावीस वर्षं मी तसंच मोजलं आणि खळ्यातही तसंच मोजलं. माझे छत्तीस म्हणजे दोरीच्या आत पडलेले छत्तीस. बाहेर पडलेल्यांचा रुपया डब्यात जात होता आणि चेंडू कुठेच जात नव्हता. सामन्यातला पंच ज्यांना वाइड म्हणालाही नसता असे ते चेंडू. दोरी माझी होती.

चौदाशे चाळीस अधिक तेराशे बारा, दोन हजार सातशे बावन्न. भागिले चाळीस दिवस. दिवसाला जवळजवळ एकोणसत्तर.

मी डबा पुन्हा भरला, पिशवीत कपड्यांखाली ठेवला आणि शुक्रवारी सकाळी गोव्याला निघालो. सांगायचंच ठरवलं होतं.

सांगितलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर घाईत होत्या. ते एक कारण. फिजिओंना कळलं तर शमिकाचं नाव खराब होईल, हे दुसरं. मी स्वतःला ही दोन्ही कारणं दिली. खरं कारण तिसरं होतं. वॉर्डातल्या दोघा-तिघांनी शमिकाला ओळखलं होतं आणि मी त्यांना रजिस्टर दाखवलं होतं.

शनिवारी डॉक्टर म्हणाल्या, "मणक्यात एक लहान डाग दिसतोय. सूज असेल. पण चेंडूंचा ताण कमी असताना एवढी सूज का, हे सांगता येत नाही. मणक्याचा टीबी किंवा गाठ नाही ना, याची खात्री करायला हवी. सोमवारी बायोप्सी करू." बायोप्सी म्हणजे पाठीतून जाड सुई घालून हाडाचा बारीक तुकडा काढणं.

गाठ हा शब्द ऐकून शमिकाची आई खाटेच्या कडेला बसली. पुढे दोन दिवस ती त्या शब्दासोबत होती आणि तिला त्यातून सोडवणारी गोष्ट माझ्या पिशवीत होती.

रविवारी शमिकाच्या आईने पिशवी सरकवली. "ह्यात काय दगड भरल्यात?"

"पुस्तकां," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी आठला परिचारिका संमतीपत्र घेऊन आली. शमिका चोवीस वर्षांची, सही तिचीच. तिने पूर्ण वाचलं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मज्जातंतूला इजा, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मग विचारलं, "मज्जातंतू म्हणजे पायाचे काय?" परिचारिका म्हणाली, "फार क्वचित होतं." शमिकाने सही केली. तिची सही मी चेंडूंवर, बॅटवर, मुलांच्या वह्यांवर पाहिली आहे. ही सही वाकडी होती.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आल्या. मी पिशवीतून डबा काढून खाटेच्या टेबलावर ठेवला. आवाज मोठा झाला.

"डॉक्टर, त्या चौदाशे चाळीसमध्ये वाइड धरलेले नाहीत."

"मला क्रिकेट फारसं कळत नाही," त्या म्हणाल्या. "वाइड म्हणजे चेंडू टाकतच नाहीत का?"

"टाकतात. मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

"नियम तसा आहे."

"हाडाला तुमचा नियम माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वाइड धरून किती?"

"दोन हजार सातशे बावन्न."

त्यांनी मनात भागाकार केला असावा. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज सोमवार आहे."

त्या परिचारिकेकडे वळून म्हणाल्या, "सुई थांबवा. आज आधी सीटी स्कॅन." मग शमिकाच्या खाटेजवळ गेल्या. "तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, जास्त होते म्हणून. मी कागदावर विश्वास ठेवला. सॉरी."

डॉक्टरांनी माझ्याआधी माफी मागितली. मी तिथेच उभा होतो आणि मला ते सुचलं नव्हतं. शमिकाने तोंड भिंतीकडे केलं.

बाहेरच्या व्हरांड्यात तिची आई माझ्याजवळ आली. मी नुसता भांडणाची वाट बघत होतो. ती आवाज न चढवता म्हणाली, "तुमी चेंडू मोजलास. चेडू नाय मोजलास." आणि आत निघून गेली.

सीटीत दोन्ही बाजूंच्या चिरा स्पष्ट दिसल्या. बाकीची ती सूज होती, बोन मॅरो इडीमा, म्हणजे ताणामुळे हाडाच्या आतल्या मऊ भागात साठलेलं पाणी. सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला तेव्हा डाग फिका पडला होता. टीबी नव्हता, गाठ नव्हती. इलाज साधा आणि लांब: तीन महिने कंबरेला ब्रेस, म्हणजे कडक पट्टा, आणि सहा महिने चेंडू टाकायचा नाही.

फिजिओंना मी दुरुस्त रजिस्टर पाठवलं, चूक कशी झाली ते लिहिलं आणि कुठले चार दिवस गप्प बसलो तेही लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं. हातातून सुटलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, आणि यापुढे आकडा खेळाडू स्वतः भरेल.

जुलैचा दौरा तिच्याशिवाय गेला. तिच्या जागी गेलेल्या मुलीने चांगली कामगिरी केली. शमिका पडवीत ब्रेस लावून सरळ बसून त्यातले सामने बघायची आणि त्या मुलीच्या प्रत्येक बळीला टाळी वाजवायची. जवळजवळ महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी द्या, दार लावा. मी माफी मागितली ती श्रावणात, एका दुपारी, ती कुशीवर वळायचा व्यायाम करत असताना. ती म्हणाली, "माका सुयेचा भय नाय वाटला, बाबा. तुमचा खरा आणि माजा खोटा, असा सगळ्यांनी धरल्यानी, त्याचा वायट वाटला." तिने व्यायाम पुढे चालू केला.

डिसेंबरात ती राज्याकडून खेळली, फक्त फलंदाज म्हणून. टीव्हीवरच्या निवेदकाने तिची ओळख करून दिली तेव्हा अष्टपैलू म्हणाला नाही. भारताच्या संघात ती पुन्हा येईल का आणि आली तर दोन्ही करायला येईल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आम्हीही विचारायचं सोडलं आहे.

माझ्यासारख्या आईवडिलांना सांगायचं ते एवढंच. मूल दुखतं म्हणालं तर तुमची वही बाजूला ठेवा. डॉक्टरांनी आकडा विचारला तर तो कशाचा आकडा आहे ते आधी सांगा, आणि तुमच्या मोजण्यात काय धरत नाहीत तेही सांगा. चूक कळली तर त्याच दिवशी सांगा. माझी चूक नियमाची होती, ती कदाचित माफ होईल. चार दिवस माझे होते.

जानेवारीत तिला चेंडू टाकायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी बारा. सकाळी सातला आम्ही खळ्यात गेलो. तिने चटईकडे पाहिलं.

"दोरी खंय, बाबा?"

"काढलंय."

"मगे वाइड कसो कळतलो?"

"कळूक नको."

तिने अर्ध्या रनअपने टाकायला सुरुवात केली. मी स्टंपांमागे उभा राहून मोठ्याने मोजत होतो. सातवा सुटला आणि थेट काजूच्या बुंध्यावर गेला. "सात," मी म्हणालो. बारावा आखूड पडला, अगदी वाईट. अजून एक, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. ती माझ्याकडे बघत थांबली होती. "बारा," मी म्हणालो. "झाले."

मग मी पडवीतून डबा आणला आणि तिच्या हातात दिला. एक हजार तीनशे बारा रुपये, सगळे एक-एक रुपयाचे, आदल्या दिवशी पुन्हा मोजलेले. दंड परत, असं मी म्हणालो. तिने डबा कंबरेवर घेतला नाही, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गुडघे वाकवून खाली ठेवला. झाकण काढलं, एक नाणं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"सातव्याचो," ती म्हणाली. "पण लिवतलंय मी बारा."

तिने फोन काढून बारा भरले. तिला पोचले एक हजार तीनशे अकरा रुपये. मला एक.